आधी घड्याळ

सीडर रॅपिड्समध्ये वारा कुठून येतोय ते नाकाला कळतं.
कारखान्याकडून आला की अख्ख्या गावाला ओटच्या लापशीचा वास,
आणि ज्या दिवशी तिथे गोड पाकाचं काही शिजतं
त्या दिवशी पार्किंगमधला बर्फसुद्धा
चमच्याने खावासा वाटतो.
आज उणे एकवीस. वासही गोठलाय.
मी चौथ्या मजल्यावर, बिल्ड संपायची वाट बघत.

काम विमानाच्या उंचीमापकाचं.
कोड एक्याण्णव सालचा, एडातला.
जुना कंपायलर ज्या मशीनवर चालायचा
ते आता खाली लॉबीत उभं आहे,
डोक्यावर मनीप्लांटची कुंडी घेऊन.
हा सगळा संसार मला नव्या कंपायलरकडे हलवायचाय.

नवा कंपायलर खडूस आहे.
फुटांत मीटर मिळवू देत नाही.
दोन्ही आकडेच की, म्हटलं तरी ऐकत नाही.
शेजारचा ब्रेंट त्याला शिव्या घालतो.
मला मात्र त्यात घरचं काहीतरी वाटतं:
आमच्याकडे मावशी ती मावशी, आत्या ती आत्या.
इथे दोघींना एकाच शब्दात कोंबतात
आणि कुणालाच एरर येत नाही.

एका फाइलीत आधी सांगायचं, मी हे हे करीन.
ते करायचं दुसऱ्या फाइलीत.
नाही केलं तर तो तिथेच अडतो: बॉडी कुठेय?
बार्शीला मी फोनवर म्हटलं होतं, दिवाळीला येते.
स्पेसिफिकेशन अगदी स्वच्छ.
बॉडी अजून लिहायचीय.

मंगळवारी एक ओळ काढून टाकली मी.
तिचा कुणालाच उपयोग दिसत नव्हता,
वर फक्त एक शेरा: ही ओळ हलवू नका. व्ही. के.
कारण दिलेलं नाही.
एवढं सगळं हलवलं, एका ओळीने काय बिघडणार?

बिल्ड बिनतक्रार झाला. वॉर्निंगही नाही.
एक-दोन चाचण्या पास, मी खूश.
पण इथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही,
इथे प्रत्येक शीत दाबून बघावं लागतं.
आज रात्री बेंचवर यंत्राला वीज दिली
आणि पडदा काळा.
प्रोग्राम एरर. पुढे ताकास तूर नाही.

नऊ वाजता व्हर्लीन काडलेकला फोन केला.
ती चार वर्षांपूर्वी रिटायर झाली, आता कोंबड्या पाळते.
मी ओळ वाचून दाखवली.
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू आला.
मग म्हणाली, "काढलीस ना?
अगं, ती उंची उठल्या उठल्या घड्याळाला वेळ विचारते.
घड्याळच झोपलेलं असेल तर ते काय सांगणार?
आधी घड्याळ उठव. मग बाकीच्यांना."

तेवढंच. मग तिने कोंबड्यांचं सांगितलं,
थंडीत अंडी देत नाहीत,
एकीने पायाचं बोट गमावलं.

ओळ परत घातली. खाली कारणही लिहिलं,
तीन वाक्यांत, माझ्या नावासकट.
पुन्हा बांधलं. पुन्हा वीज दिली.
आकडे आले: आठशे साठ फूट.
म्हणजे आम्ही आहोत तिथेच आहोत.

कंपायलर काही बोलला नाही.
शिवणक्लासच्या गोडबोलेबाई अशाच होत्या.
काज उलटंसुलटं करून बघायच्या, उसवलं नाही
की न बोलता पुढच्या मुलीकडे वळायच्या.
त्या वळल्या की आम्ही श्वास सोडायचो.

साडेदहा.
कोट चढवते, एक हातमोजा सापडत नाही.
फोन हातात घेते आणि थांबते.
आधी घड्याळ.
साडेअकरा तास मिळवते: तिकडे सकाळचे दहा,
आई मटार सोलत बसली असेल.
आता लावते.